कुसाबाईचं भूत

खंडेराव भुताला भितो हे सगळ्या मखमलाबादला ठाऊक होतं. गडी एवढा दांडगा, की झेंडूची भरलेली जाळी एका हाताने उचलून टेम्पोत टाकायचा. पण दिवेलागणीनंतर विहिरीवर मोटार चालू करायला एकटा जायचा नाही. कुसाबाई बॅटरी घेऊन पुढे आणि हा मागे. लोक हसायचे, ती कधी हसली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "त्यांना सोबत लागती." म्हणून २००२ सालच्या हिवाळ्यात त्याच्याच बायकोला भूत व्हायचं बोलावणं आलं, तेव्हा आख्ख्या गल्लीची करमणूक झाली.

बोलावणं आणलं योगेशने, खंडेरावच्या भाच्याने. नाशकात द्वारका चौकाजवळ त्याचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. वर्षानुवर्षं हळदी आणि अंतरपाट टिपून पोरगा कंटाळला होता. मालेगावची पोरं व्हिडिओवर स्वतःचे सिनेमे काढतात, मग आपण का नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं. गोष्ट त्यानेच रचली होती. बाळंतपणाला आलेल्या बाईकडे दवाखान्यात कोणी फिरकत नाही, डॉक्टर वरच्या मजल्यावर पत्ते कुटत बसतो, पोटचा मुलगा जातो, पाठोपाठ आई जाते. मग ती त्याच दवाखान्यात परत येते आणि एकेकाचा सूड घेते. सिनेमाचं नाव 'पाळणा मागते मी'. शहरातला एक दवाखाना मालक परदेशी गेल्यापासून बंद पडून होता, तो ओळखीने मिळाला होता. आधी केबलवर दाखवायचा, मग सीड्या विकायच्या, असा बेत.

भुताचं काम नाशिकरोडची योगिनी करणार होती, नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवलेली मुलगी. शूटिंग तोंडावर आलं आणि तिला कांजिण्या निघाल्या. योगेशचं म्हणणं, भुताला कांजिण्या चालतील; पण तिच्या आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. तसाच तो मामाकडे रडगाणं गायला आला. कुसाबाई नुकतीच न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. पन्नाशीला टेकली तरी केस गुडघ्याला लागत होते. योगेशने हातातला चहा खाली ठेवला.

खंडेरावने सरळ नकार दिला. असली सोंगं घरात आणायची नाहीत, वयाची बाई आहे, लोक काय म्हणतील. कुसाबाईने मात्र योगेशला गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. बाळंतपणाचा भाग तर दोनदा सांगायला लावला. मग केसांची गाठ मारत म्हणाली, "मी करते."

लग्नातल्या फोटोतसुद्धा कडेला उभी राहणारी ही बाई. खंडेरावला काही उलगडेना. पण तिला तिथे एकटी सोडवेना, म्हणून फुलं मार्केटात उतरवून झाली की रोज तिला टेम्पोने नेऊन सोडायचं आणि संपेपर्यंत थांबायचं, असं त्याने ठरवलं.

शूटिंग दिवसाच चालायचं. खिडक्यांना काळे कागद चिकटवून योगेशने आत रात्र केली होती. पहिल्या दिवशी खंडेराव फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला दारातून दिसलं, की तोंडाला पावडर थापलेली, केस मोकळे सोडलेली कुसाबाई त्या अंधाऱ्या बोळातून एकटी चालत जाते आहे. भुतालाही भीती वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि तो उठून आत गेला. तेव्हापासून दिव्याच्या स्टँडमागे त्याची जागा ठरून गेली.

भूत म्हणून कुसाबाई काही कामाची नव्हती. रक्तासाठी बीट तिनेच मळ्यातून आणलं होतं, आणि ते कोणाच्या सदऱ्यावर सांडलं की शूटिंग थांबवून ती आधी डाग धुवायला बघायची. डॉक्टरचं काम करायला मोतीराम होता, एक गोलमटोल विमा एजंट. त्याचे केस धरून ओढायचा प्रसंग होता. ओढून झाल्यावर कॅमेरा चालू असतानाच तिने हळूच विचारलं, लागलं का भाऊ. योगेशने कपाळावर हात मारून घेतला. पण युनिटमधली पोरं तिला जीव लावायला लागली होती, कारण ती रोज सगळ्यांना पुरेल एवढी भाकरी आणि ठेचा बांधून आणायची.

शेवटचा प्रसंग बाळंतिणीच्या खोलीतला. भूत डॉक्टरला कोपऱ्यात गाठतं, "माझ्या बाळाचा जीव घेतलास, आता तुझा घेते," असं म्हणतं आणि त्याचा गळा दाबतं. खोलीत एक गंजका लोखंडी पलंग होता, शेजारी बाळाला ठेवायची छोटी जाळीची खाट. कुसाबाई आत आली, त्या खाटेपाशी जरा थांबली. मग तिने मोतीरामच्या गळ्यावर हात ठेवले. ठरलेलं वाक्य काही तिच्या तोंडून येईना. तिचे हात सैल झाले आणि त्याच्या खांद्यांवर आले.

"कोनासारखी होती ती?" तिने विचारलं.

मोतीरामने योगेशकडे पाहिलं. सिनेमात तर मुलगा होता.

"नाकडोळे कोनाचे होते? तुमी पाह्यलं ना तिला. मला कोनी दाखवलीच नाय."

दिव्यामागे उभ्या खंडेरावने स्टँड घट्ट धरला. मोतीरामकडे बघून बाई बोलत होती, पण त्या खोलीत एकच माणूस उत्तर देऊ शकणार होता आणि तो हाच होता.

त्यांचं पहिलं मूल ते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, नाशकातल्या एका दवाखान्यात. डॉक्टर वेळेवर आला नव्हता. मुलगी झाली आणि गेली. कुसाबाई शुद्धीवर नव्हती. बाळंतिणीला दाखवू नका, घोर लावून घेईल, असं जाणत्या बायका म्हणाल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं ते ओझं खंडेरावच्या हातात दिलं. त्याने ते गोदावरीच्या काठी नेऊन पुरलं. घरी आल्यावर कोणी विषय काढला नाही. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, थोरला एकलहऱ्याला वीज केंद्रात चिकटला. कुसाबाई विसरली, असंच खंडेराव समजून चालला होता. ती कधी विचारत नाही याबद्दल तो मनोमन तिचे उपकार मानायचा.

योगेशने कॅमेरा थांबवला नाही. बऱ्याच वेळाने तो हलक्या आवाजात "कट" म्हणाला. मोतीरामने तिला धरून पलंगावर बसवलं आणि स्वतः जाऊन पाणी आणलं.

परतताना ती टेम्पोत त्याच्या शेजारी बसली. तिने पावडर अर्धीमुर्धीच पुसली होती. पाटाच्या पुलाजवळ खंडेरावने टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"तुझ्यासारखी होती," तो म्हणाला. समोरच्या काचेकडे बघतच. "केस लय होते. कपाळावर आलेले. नाक माझं, बसकं."

कुसाबाईचा हात आपल्या कपाळावर गेला.

"एक मूठ मिटलेली होती. ती मी उघडून पाह्यली."

"का?"

"काय म्हाईत. बोटं मोजली. सगळी होती."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाटाच्या पाण्यात म्हशी डुंबत होत्या, त्यांच्याकडे दोघं बघत बसली.

"एकलेच गेले होते तुमी तिला घेऊन?"

"एकलाच."

"अंधार पडला होता?"

"पडला होता."

विहिरीवर बॅटरी घेऊन ज्याच्यापुढे चालायची त्या नवऱ्याकडे कुसाबाईने वळून पाहिलं. "भ्याले नाय?"

"तवा नाय भ्यालो," खंडेराव म्हणाला. "ती होती ना संगं."

मग कुसाबाई रडली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर, पदर तोंडात न कोंबता. तो तिची पाठ थोपटत राहिला आणि मधूनमधून आपलेही डोळे पुसत राहिला. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारलं, गाडी बंद पडली का. खंडेराव म्हणाला, पडली होती, आता होईल चालू.

सिनेमा उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी केबलवर लागला. गल्लीतली बायकापोरं खंडेरावच्या पडवीत दाटीवाटीने बसली. पावडर बघून हसली, मोतीराम जिन्यावरून गडगडला तेव्हा टाळ्या वाजल्या. शेवटचा प्रसंग योगेशने होता तसा ठेवला होता. फक्त त्यानंतर डॉक्टर भुतापुढे हात जोडून बसतो आणि भूत त्याला काही न करता निघून जातं, एवढं जोडलं होतं. त्या वेळी पडवीत कोणी हसलं नाही. टीव्ही बंद झाल्यावर पोरं पांगली, पुरुष उठले, बायका मात्र बसून राहिल्या. शेजारची म्हातारी चिमणाबाई म्हणाली, माझा पहिला असाच गेला, त्याचं तर नावबी ठेवलं न्हवतं. मग आणखी एकीने तिचं सांगितलं. कुसाबाईने चहा टाकला, पुन्हा टाकला. खंडेरावने आतून दुधाचं पातेलं आणून दिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला कोणी ऊठ म्हणालं नाही.

सीड्या काही खपल्या नाहीत. भुताचा सिनेमा म्हणून घेतला आणि घरची बाई रडत बसली, अशी गिऱ्हाइकांची तक्रार. योगेश पुन्हा लग्नांकडे वळला. बाजारात मळ्यातली भाजी विकायला बसलेल्या कुसाबाईला मात्र बरेच दिवस अनोळखी बायका ओळखून थांबायच्या, जुडी घेताना तिचा हात दाबायच्या आणि पुढे जायच्या.

मळ्यात झेंडू तोडता तोडता ती मध्येच विचारायची, रंग कसा होता, कान कसे होते. खंडेराव हातातलं काम थांबवून आठवायचा आणि सांगायचा. खरोखर आठवत होतं ते पहिल्या पावसाळ्यातच संपलं. मग पापण्या, हनुवटी तो मनानेच सांगायला लागला.

"हनुवटीला खळी होती," एकदा तो म्हणाला.

"मागं तर बोलले नाय खळीचं."

"आज आठवलं."

कुसाबाईने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि ओटीतली फुलं जाळीत ओतून पुढच्या सरीला लागली.