बिनसाखरेचा चहा

सुनेने घरून करून आणलेल्या चहाचा सासूने पहिला घोट घेतला आणि त्यात साखर घालायची राहिल्याचं सुनेच्या लक्षात आलं. आता बोलणी खायची म्हणून तिने मान खाली घातली.

"छान झालाय हो," सासू म्हणाली.

सून बघतच राहिली. लग्न झाल्यापासून या बाईने तिच्या चहाला कधी धड म्हटलं नव्हतं. कधी पांचट, कधी कडू, कधी नुसतंच नाक मुरडणं.

"वृद्धाश्रमात येऊन आई किती निवळलीय बघ," नवरा कुजबुजला. आईला इथे ठेवल्यापासून त्याचं मन त्याला खात होतं. आज त्याला जरा हलकं वाटत होतं. खोलीतल्या बाकीच्या आज्या आपापल्या पलंगांवर पडून होत्या.

"जेवण बरं असतं ना, आई?" सुनेने विचारलं.

सासूने आधी दाराकडे पाहिलं. तिथे मदतनीस बाई हाताची घडी घालून हसत उभी होती.

"छान असतं."

सून दाराकडे वळली. "यांची शाल दिसत नाही. जरा शोधून आणता?" ती मदतनीस बाईला म्हणाली. बाई नाइलाजाने गेली. सुनेने दार लावलं आणि सासूच्या बाह्या वर सारल्या. दोन्ही मनगटांवर काळेनिळे पट्टे उमटले होते. नवऱ्याने आईचा हात हातात घेतला.

"चहात साखर नाहीये, आई," सून हळूच म्हणाली.

"कळत नाही का मला?" सासू म्हणाली. "तक्रार केली की पलंगाला बांधून ठेवतात गं."

सुनेला रडू आलं आणि संतापही. तिने सासूला पोटाशी धरलं, मग मनगटांचे फोटो काढले आणि पोलिसांना फोन लावला.

पोलीस बाई आल्या तेव्हा व्यवस्थापकही मागोमाग धावत आला. "या वयात कातडी नाजूक होते हो. कुठेतरी लागलं असेल."

"लागलं नाही," सासू ठणकावून म्हणाली. "बांधलं."

मग खिडकीजवळच्या पलंगावरून क्षीण आवाज आला, "मलापण." पाठोपाठ कोपऱ्यातली आजी उठून बसली आणि तिने आपली बाही वर केली.

पोलीस बाईंनी सासूचा जबाब घेतला. "झालं, आजी. डॉक्टरांकडे जाऊन या आणि मग खुशाल घरी जा."

मुलाने आईची बॅग उचलली, सुनेने चपला पुढे केल्या. सासू मात्र जागची हलली नाही.

"कोपऱ्यातल्या बाईंना कमी ऐकू येतं. मोठ्याने विचारा," ती पोलीस बाईंना म्हणाली. "सगळ्यांचं लिहून होऊ दे. मग मी उठते."

मुलाने बॅग खाली ठेवली.