हजारावर एक गाठ

मित्रांनो, मी पांढऱ्या सुती कापडाचा एक जुना कमरपट्टा आहे. माझ्या अंगावर लाल दोऱ्याच्या हजार गाठी आहेत आणि वर आणखी एक आहे. त्या एका गाठीपायी एक माणूस गेला. आता आणखी एक जाईल, या भीतीने मी बोलतो आहे.

माझा जन्म चीनच्या लढाईच्या दिवसांत, जपानमधल्या एका बंदराच्या गावी झाला. तेइजिरो नावाच्या सुताराला सैन्यात बोलावणारा लाल कागद आला. हजार बायकांनी एकेक गाठ घातलेला पट्टा पोटाला बांधला की शिपाई सुखरूप परततो, असं सगळे मानत. म्हणून त्याची बायको हात्सुए मला घेऊन पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईपुढे ती वाकायची. तिकडच्या पंचांगात दर सालाला एका प्राण्याचं नाव असतं. वाघाच्या साली जन्मलेल्या बाईला मात्र वयाइतक्या गाठी घालायची मुभा होती, कारण वाघ कितीही दूर गेला तरी परत येतो. मासळीवाली ओरिन त्या सालची होती. ती पंचविसाव्या गाठीलाच थांबली.

"अगं, सदतीस ना तुझे?" शेजारीण म्हणाली.

"गप गं! नवरा ऐकतोय माझा," ओरिन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

हात्सुएला मात्र एकही गाठ घालायची बंदी होती. तिचा जन्म आगीच्या घोड्याच्या सालचा. त्या सालची बायको नवऱ्याला गिळते म्हणतात. सासूने बजावलं होतं, "तू नुसती धरून उभी राहा. सुईला हात लावलास तर याद राख."

निघायच्या सकाळी तेइजिरोने मला उलगडून पाहिलं.

"यात तुझी कुठली?"

हात्सुएने खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे हजार परक्या बायका पोटाशी बांधून नेऊ, आणि घरचीच नको? आण ती सुई."

"अहो, आईंना कळलं तर?"

"कळू दे. घोडा बरा, लवकर घरी पोचवेल."

तिने सुई आणली. गाठ जरा वाकडीच बसली. मला ती सगळ्यांत जास्त आवडली, हे मी कबूल करतो.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकाचं गेलं. गोळी कानाजवळून गेली की तेइजिरो माझ्यावर थाप मारायचा. मग हिवाळा आला. आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. माझ्या गाठीगाठीखाली उवांनी घर केलं. मला ते कळत होतं, पण मी काय करणार? तेइजिरोला ताप चढला आणि अकराव्या दिवशी तो गेला. मला उकळत्या पाण्यात टाकलं आणि त्याचा दोस्त कुराता मला घेऊन गावी आला.

हात्सुएने त्याच्यापुढे चहा ठेवला. सासू शेजारीच बसली होती.

"वहिनी, आम्ही सगळ्यांनी आमचे पट्टे जाळले," कुराता म्हणाला. "उवांनीच ताप पसरतो म्हणून डॉक्टर ओरडत होते. तेइजिरोला मी किती समजावलं. तो म्हणाला, यात माझ्या बायकोची गाठ आहे, कसा टाकू? शेवटपर्यंत सोडला नाही त्याने."

त्या भल्या माणसाला वाटलं, आपण तिचं सांत्वन करतो आहोत.

सासू ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे घातलीसच तर."

त्या दिवसापासून हात्सुए मला स्वतःच्या कमरेला बांधते. गावाला ते कळलं आणि गाव भारावलं. शाळेतले मास्तर मुलींना तिच्या निष्ठेचे दाखले देतात. सासूही चारचौघांत ताठ मानेने चालते. रस्त्यात लोक थांबून हात्सुएला वाकून नमस्कार करतात. पण ती दोन घासांवर उठते, हे कोणी बघत नाही. पूर्वी माझे तिच्या कमरेला दोन वेढे व्हायचे, आता तीन होतात. रोज ती मला आणखी थोडं आवळते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपण्याच्या नादात माणसं माणसाला विसरतात. तुमच्यापैकी कोणी त्या पुलाकडे गेलात, तर तिला नमस्कार करू नका. तिच्या कमरेवरून मला सोडवा आणि चुलीत घाला. मी सुती आहे, लगेच पेटेन. त्याच चुलीवर भात शिजवा आणि तिला जेवायला बसवा.