चपलांच्या कपाटातली डबी

काट्याने राउटरची वायर पुन्हा एकदा काढली, टोकावर फुंकर मारली आणि खोचली. दिवे एकेक करत हिरवे झाले. मागे उभ्या असलेल्या बायकोने फोनवर बोट टेकवलं, थोडी थांबली आणि मान हलवली.

"नाही उघडत."

"उघडेल. जरा दम धर."

नेट कुठे अडलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, वरच्या फळीमागे. तिने पाच मिनिटं आत जावं, एवढंच त्याला हवं होतं. पण एरवी घडीभर एका जागी न टिकणारी बाई आज खांबासारखी उभी होती. त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही हलत का नाही?

काटा हे बाजाराने ठेवलेलं नाव. दुकानांतली वजनंमापं तपासण्याची त्याची नोकरी. पारड्याच्या तळाशी चिकटवलेला शिशाचा तुकडा तो नुसत्या बोटांनी शोधून काढायचा. समोरचा मापात मारतोय असं धरून चाललं की माणूस फसत नाही, असं तो म्हणायचा, आणि बाजारात ते बऱ्याचदा खरंही निघायचं. गेल्या वर्षी बायको फोन घेऊन गॅलरीत जाऊ लागली, दबक्या आवाजात बोलू लागली, तो जवळ आला की विषय बदलू लागली, तेव्हा त्याने तोच नियम घरात लावला.

तिला मात्र काही विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. त्याने एक लहानशी डबी विकत आणली आणि व्हिडिओ बघूनबघून ती लावायला शिकला. घरातला फोन एखादी साइट उघडायला गेला की आधी तिच्या नावाचा पत्ता विचारतो, आणि राउटर तो प्रश्न बाहेर कंपनीकडे धाडतो. काट्याने राउटरला बजावून ठेवलं, की बाहेर जाण्याआधी या डबीला विचार. डबी पत्ता आणून द्यायची आणि कुणी कुठलं नाव विचारलं ते लक्षात ठेवायची. तिथे जाऊन कुणी काय वाचलं, हे तिला कळत नसे. पण काट्याला नावंच पुरेशी होती.

सुरुवातीला विणकाम, हवामान, शब्दकोडी. मग नवरा-बायकोंना सल्ला देणाऱ्या एका संस्थेचं नाव आलं. ते येतच राहिलं. पुढे भाड्याच्या खोल्यांची साइट, आणि परवा एका वकीलबाईंचं कार्यालय. म्हणजे मामला इथवर आला तर. कोण असेल तो? जेवताना तो तिच्याकडे रोखून बघे. तीही बघे. भाजी वाढू का, याच्या पलीकडे बोलणं जात नसे. आणि आज नेमकी डबीनेच मान टाकली होती.

"कंपनीला फोन केलाय मी," बायको म्हणाली. "येतंय कुणीतरी."

"कशाला? मी करतोय ना."

"सकाळपासून करतोयस."

कंपनीची नेटवाली आली ती खांद्याला पिशवी लावूनच. पोरगेलीशी, पण हाताला सवय झालेली. तिने दिवे बघितले, लॅपटॉप जोडला. एका साइटचा आकड्यांतला पत्ता तोंडपाठ टाकला, तर ती लगेच उघडली. त्याच साइटचं नाव टाकलं, तर पान कोरं. लाइनीत काही बिघाड नाही, तिने सांगितलं; रस्ता मोकळा आहे, पत्ता सांगणारा गप्प बसलाय. मग तिने काट्याकडून पासवर्ड घेऊन राउटरच्या सेटिंग उघडल्या आणि भुवई वर केली. राउटर नावं विचारायला बाहेर जातच नव्हता. घरातल्याच एका यंत्राकडे जात होता.

"घरात आणखी काही लावलंय का, काका?"

"नाही," काटा म्हणाला. "कंपनीच्या आधीच्या माणसाने करून ठेवलं असेल."

नेटवाली पुन्हा लॅपटॉपकडे वळली, तेव्हा बायको तिला शांतपणे म्हणाली, "चपलांच्या कपाटात बघ. वरची फळी सरकते."

काट्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसू लागला.

डबी बाहेर आली. नेटवालीने ती उलटसुलट करून पाहिली. ही काय चीज आहे हे तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती एकाएकी वायर गुंडाळण्यात फार गढून गेली. दुसरा चार्जर लावून डबी चालू करून देऊ, की राउटर सरळ कंपनीला जोडू, एवढंच तिने खाली बघत विचारलं. उत्तर कुणाकडून हवंय ते म्हणाली नाही.

"सरळ जोडा," काटा म्हणाला.

ती गेल्यावर डबी टेबलावर राहिली. बायको समोर उभी होती.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

बूट ठेवताना हाताला लागली होती, तिने सांगितलं. फोटो काढून कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवला, तेव्हा कळलं. गॅलरीत ती तिच्या ताईशी बोलायची. घरातलं मन मोकळं करायला दुसरं होतं कोण? आधी संताप आला. मग वाटलं, हा तोंडाने विचारत नाही, निदान इथे तरी वाचेल.

"म्हणून ते सल्ल्याचं नाव रोज उघडायचे," ती म्हणाली. "तिथे काही मी एकटीने जाऊन भागणार नव्हतं. वाटायचं, आज जेवताना विचारेल. खोल्या बघायला लागले तेव्हाही तेच. तुला दिसलं होतं?"

"दिसलं."

"सगळं?"

त्याने मान डोलावली. चोरी पकडली गेल्यावर दुकानदार कसे पटापट बोलतात, ते त्याने जन्मभर पाहिलं होतं. तो मात्र टेबलावरची डबी सरळ करत राहिला.

"वकीलबाईंचं नाव मात्र तुझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी होतं."

तिच्या फोनवर अडकून पडलेले मेसेज एकामागून एक येऊ लागले. ती ते बघत नव्हती. त्याच्याकडेच बघत होती.

"जाणार आहेस?" काट्याने विचारलं.

तिने डबी बाजूला सारली, टेबलाच्या कडेवर हात टेकला.

"बस," ती म्हणाली.

खुर्ची त्याच्या मागेच होती. पण तिने बसायला सांगितलं, की आता पुरे झालं म्हणाली, हे त्याला उमगेना. सवयीने तो तिचा चेहरा निरखू लागला, हातांकडे पाहू लागला, कशावरून तरी ताडायला. मग थांबला.

"म्हणजे?" त्याने विचारलं.