बोट धरून नदीपार

ऑफिसात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारकी, पण एकदा कामाला चिकटली की सोडणार नाही. गेली दोन वर्षं ती एकाच कामाला चिकटली होती. वीस वर्षांपूर्वीचा एक ऑनलाइन खेळ तिला फोनवर आणायचा होता. त्यात जंगलं, नद्या, किल्ले होते आणि ठिकठिकाणचे खेळाडू आपापलं सोंग घेऊन एकत्र फिरत. कॉम्प्युटरवर तो अजून चालायचा, पण खेळणारे दरवर्षी कमी होत होते.

न कमी झालेल्यांपैकी एक मुंगीच्या घरातच होती, तिची आत्या. आत्या निवृत्त नर्स. खेळातही ती वैद्याचं सोंग घेऊन अठरा वर्षं लोकांच्या जखमा बांधत होती. फोनचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी पडे.

"फोनवर आपलं जंगल? म्हणजे चमच्यात पोहायचं की काय गं?"

तरी चाचणीत तिने सर्वांत आधी नाव दिलं. भाचीचं काम होतं ना!

पहिल्या चाचणीला शंभर जुने खेळाडू फोन घेऊन जंगलात शिरले आणि अर्ध्या तासात साठ जणांना लांडग्यांनी खाल्लं. कुणाची लिफ्टमध्ये रेंज गेली, कुणाची बॅटरी संपली. संपर्क तुटला की खेळातलं माणूस जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं राही, आणि लांडग्यांना आयतं ताट. आत्याही त्यातच गेली. ऐन लढाईत गावाहून तिच्या भावाचा, म्हणजे मुंगीच्या वडिलांचा फोन आला होता, "माझा चष्मा तुमच्याकडे राहिलाय का गं?"

"लांडगे काढून टाक," साहेब म्हणाले.

"मग ते जंगल कसलं, साहेब? बाग होईल. बागेत फिरायला लोक आपल्याकडे कशाला येतील?"

"बरं. शनिवारी दुसरी चाचणी आहे. तोवर उपाय आण, नाहीतर लांडग्यांना सुट्टी."

मुंगी तोंड पाडून घरी आली. आत्या मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या वेळी कुठे धड लाइन होती? टेलिफोनच्या तारेवर खेळायचो आम्ही. वारा सुटला की निम्मी टोळी गायब! मग आम्ही बोट धरायचो."

"बोट?"

"अगं, 'बोट' असं टाइप करायचं आणि पुढे त्या माणसाचं नाव. तो मुकाट आपल्या मागे चालू लागायचा. लाइन आली की सुटला. पुढे चांगल्या लाइनी आल्या आणि तुमच्यातल्याच कुणा शहाण्याने ते काढून टाकलं."

मुंगीने सोललेले मूठभर मटार तोंडात टाकले आणि आत्याचा गालगुच्चा घेतला.

सकाळी ऑफिसात जाऊन तिने जुना कोड उपसला. तो तुकडा तिथेच होता, नुसता बंद करून ठेवलेला. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'आता कुणाचं कुणावाचून अडत नाही.' मुंगीने तो उघडला. फोनवर टाइप करायला कुणाला सवड? म्हणून संपर्क तुटलेल्याच्या डोक्यावर तिने एक छोटा हात काढला. त्याला स्पर्श केला की बोट धरलं. ऑफिसात करून बघताना पहिल्या दिवशी चुकून खेळातल्या एका बकरीनेच अकरा जणांचं बोट धरलं आणि त्यांना कड्यावरून खाली नेलं. साहेब हसून हसून खुर्चीतून घसरायचेच बाकी राहिले.

शनिवारी सकाळी पुन्हा तेच शंभर जण आले. आत्या दाताच्या डॉक्टरकडे बाकावर बसून खेळत होती. टोळी नदीकाठी पोचली, पलीकडे लांडगे गुरगुरायला लागले, आणि नेमका आतून तिचा नंबर पुकारला. आत्याने सगळ्यांना घाईघाईत लिहिलं, 'दाढ काढून येते' आणि फोन पिशवीत टाकला.

ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर मुंगी बघत होती. आत्याच्या डोक्यावर हात उमटला. क्षणभर काहीच घडलं नाही. मग एका धिप्पाड लोहाराने तिचं बोट धरलं. तेवढ्यात त्याचीच रेंज गेली, तर त्याचं बोट एका भाटाने धरलं. भाटाला घरून हाक आली, त्याला तिसऱ्याने ओढलं. बघता बघता नदीतून माणसांची एक लांबलचक माळ सरकू लागली. पुढचे लांडग्यांना अंगावर घेत होते, मागचे गळालेल्यांना सांभाळत होते. एकही मागे राहिला नाही.

"अरे, ही तर वरात निघाली!" साहेब ओरडले.  मुंगी टेबलावर चढून नाचत होती.

पाऊण तासाने आत्याचा फोन आला. तोंड बधिर, शब्द घसरत होते.

"मुंगे, मी शेकोटीपाशी बशलेय गं! अंगावर कुणीतरी शाल घातलीय. आणि लोहार विचारतोय, दाढ दुखतेय का?"

"दुखतेय का?"

"छे! एवढे लाड बघून डॉक्टरला विचारलं, दुशरी कधी काढता? तर म्हणतो, ती चांगलीय."