रविवारी माझा आवाज बसायचा

मी राऊटर बोलतोय. बेंगळुरूत, जे. पी. नगरातल्या एका घरात, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर माझा मुक्काम. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत होता. तो का हलला, त्याचीच ही हकीकत आहे.

दिसायला मी काळा, चपटा आणि दोन शिंगांचा. त्या शिंगांना अँटेना म्हणतात, पण या घरच्या अलकाबाई त्यांना शिंगंच म्हणतात. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी क्रोशाचा रुमाल विणलाय आणि शिंगांसाठी त्याला दोन भोकं ठेवलीत. असा थाट सगळ्या राऊटरांच्या नशिबी नसतो.

माझं काम निरोप्याचं. भिंतीतून एक बारीक तार माझ्यापर्यंत येते. तिच्यातून जे येईल ते बिनतारी घरभर पोचवायचं, आणि घरातलं बाहेर धाडायचं. गंमत अशी की दिवसभर एवढी ने-आण करूनही मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. सगळं कुलूपबंद असतं. पोस्टमनच्या हातात पाकीट असावं आणि आत काय आहे म्हणून त्याचा जीव वरखाली व्हावा, तसं माझं रोज होतं. म्हणून मी थोडा भोचक झालोय. जे वाचता येत नाही ते मी कान देऊन ऐकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलं होतं, पण खोकं रद्दीत गेलं. मला आठवतं ते चंद्रकांतरावांनी मला बाहेर काढल्यापासूनचं. चंद्रकांतराव म्हणजे अलकाबाईंचे यजमान. तरुणपणी सांगलीहून इथे आले आणि सरकारी कारखान्यात रडार बनवता बनवता निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांच्या शेजारी त्यांची नात आर्या बसली होती. आजोबांनी चष्मा लावून माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"आजोबा, तुमचं वाचून झालं की सांगा. तोवर मी लावते," आर्या म्हणाली, आणि पत्रकाचं दुसरं पान उलटायच्या आत माझे दिवे लागलेसुद्धा.

नाव काय द्यायचं यावर मात्र बराच खल झाला. माणसांना आपल्या वायफायला नाव ठेवायची भारी हौस. वरच्या मजल्यावरच्यांनी कुलदैवताचं ठेवलंय, समोरच्यांनी चक्क 'फुकट मिळणार नाही' असं ठेवलंय. आर्याने माझं नाव ठेवलं 'आज्जीचा डबा'. का, तर त्यात हवं ते सापडतं. अलकाबाई लाजल्या, पण खूश झाल्या.

मग आर्याने मला तिच्या खोलीतल्या गेम कन्सोलशी जोडून दिलं. खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये लांबलचक बोळ. कन्सोलने आसपासची सगळी नावं धुंडाळली, माझं निवडलं, परवलीचा शब्द सांगितला आणि आमची ओळख झाली. पडद्यावर गाड्यांची शर्यत सुरू झाली तेव्हा आजोबा आणि नात दोघंही एकदम ओरडले.

आर्या आणि तिची आई प्रांजली, म्हणजे या घरची मुलगी, दोघी इथेच राहायच्या. पुढे प्रांजलीला पुण्यात नोकरी मिळाली. जाताना आर्याने कन्सोल इथेच ठेवला. तिच्यासाठी पुण्यात दुसरा घ्यायचा ठरला होता.

"रविवारी सकाळी शर्यत," तिने आजोबांना बजावलं. "तुमची पिवळी गाडी, माझी लाल. बोलायचं पण त्यातूनच. फोनवर आई मध्ये मध्ये बोलते."

असे रविवार सुरू झाले. चंद्रकांतरावांची पिवळी गाडी पहिले काही आठवडे नुसती गवताच्या गंजीत शिरायची. एकदा तर ते अख्खी फेरी उलट दिशेने चालवून आले आणि समोरून येणाऱ्यांना रस्त्याचे नियम समजावत होते. हसून हसून आर्याला ठसका लागला. तिला तिथे नव्या शाळेत अजून कुणी जिवाभावाचं भेटलं नव्हतं. मधल्या सुट्टीत एकटी बसते, हे तिने आजोबांना गाडी चालवता चालवताच सांगितलं. तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं कदाचित.

अलकाबाई एकदा म्हणाल्या, "अहो, तो खेळ हॉलमध्ये आणा की. उठसूट त्या टोकाला कशाला जाता?"

"नको," चंद्रकांतराव म्हणाले. "तिची खुर्ची तिथे आहे."

अलकाबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग उन्हाळा आला. बोअरवेल आटली आणि बिल्डिंगला टँकरचं पाणी सुरू झालं. टँकर रविवारी यायचा. अलकाबाईंनी एक मोठं निळं पिंप आणवलं. न्हाणीघरात मावेना म्हणून ते बोळात, माझ्या पुढ्यातच ठेवलं. रविवारी ते काठोकाठ भरायचं आणि आठवडाभर पुरवून पुरवून वापरायचं. पाण्याचा प्रत्येक तांब्या अलकाबाई नजरेने मोजत.

आणि त्याच सुमाराला रविवारी माझा आवाज बसायला लागला.

शर्यत सुरू व्हायची, रंगात यायची आणि मध्येच पिवळी गाडी जागच्या जागी थिजायची. आर्याचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. मी जीव खाऊन ओरडायचो, पण आतल्या खोलीत कन्सोलला काही ऐकू जायचं नाही. बुधवारी चंद्रकांतराव तपासायला बसले तर सगळं व्यवस्थित. शनिवारी तर माझा गळा मोकळा, खणखणीत. रविवार उजाडला की पुन्हा तेच. सोमवारी सगळ्यांना आजार होतो म्हणतात, हा रविवारचा आजार कुठला, याचं मलाच कुतूहल वाटायला लागलं.

ज्याला त्याला आपलं म्हणणं होतं. अलकाबाई म्हणाल्या, "रविवारी सगळी बिल्डिंग घरात असते. सगळे एकदम ओढतात, मग आपल्या वाट्याला काय उरणार?" नेट देणाऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, राऊटर जुना झालाय." चंद्रकांतरावांनी माझी शिंगं उभी केली, आडवी केली, मला बंद केलं, चालू केलं, माझा चॅनेल बदलला. रडारवाला माणूस, हार कसली मानतोय! पण रविवारी पिवळी गाडी थिजायची ती थिजायचीच.

एका संध्याकाळी प्रांजलीचा फोन आला. चंद्रकांतराव माझ्याशेजारी चपला घालत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, ती सकाळपासून तयार होऊन बसते. मग तुटतं आणि दिवसभर तोंड पाडून असते. मला बघवत नाही हो. येत्या रविवारी नीट झालं तर ठीक, नाहीतर मी तिला रविवारच्या पोहण्याच्या क्लासला घालते. चार मैत्रिणी तरी होतील."

"बरोबर आहे तुझं," चंद्रकांतराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी घातलेली एक चप्पल पुन्हा काढून ठेवली. मग अलकाबाईंना म्हणाले, "हा राऊटर बदलून टाकू."

अलकाबाईंनी माझा रुमाल सरळ केला. "नव्याच्या मापाचा पुन्हा विणावा लागेल," एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. भंगारात जायचं दुःख होतंच, पण आपल्याला झालंय तरी काय, हे न कळताच जायचं?

तो रविवार आला. नवा राऊटर अजून यायचा होता. टँकरचाही पत्ता नव्हता. पिंप कोरडं ठणठणीत पडलेलं आणि अलकाबाईंचा पारा चढलेला. "घरात पाण्याचा टिपूस नाही आणि यांना गाड्या सुचतायत!"

शर्यत सुरू झाली. आणि काय सांगू, माझा आवाज असा लागला होता! एक फेरी झाली, दुसरी झाली. आतून आर्याचं खिदळणं ऐकू येत होतं. "आजोबा, भारी! आज तुटत नाहीये!" शेवटची फेरी सुरू झाली आणि खालून कानडीत हाक आली, "अक्का, नीरु बंतु!" म्हणजे पाणी आलं.

"बंदे, बंदे! आले, स्वल्प थांबा!" अलकाबाई धावल्या. वर पाणी चढलं, त्यांनी नळाला पाइप जोडला आणि दुसरं टोक पिंपात सोडलं. धो धो पाणी पडायला लागलं. पिंपाच्या तळाला होतं तोवर मला काही वाटलं नाही. पाणी चढत चढत माझ्या उंचीला आलं आणि माझा घसा धरला. कन्सोल लांब लांब गेल्यासारखा झाला. मी ओरडत राहिलो, पण आतून चंद्रकांतरावांचा आवाज आलाच. "आर्या? आर्या, ऐकू येतंय का?"

ते बाहेर आले. चेहरा असा उतरलेला की अलकाबाईंनी पाइप तसाच सोडला. चंद्रकांतरावांनी माझ्याकडे बघितलं, मग आर्याच्या खोलीकडे. मधल्या पिंपावर त्यांची नजर अडली. त्यांनी मान वाकवून आत पाहिलं.

"अलका, पाणी!"

"मग? पाणीच येतंय. दिसत नाही का?"

"आत्ता दिसलं," ते म्हणाले आणि मटकन तिथल्या स्टुलावर बसून हसायला लागले. "अगं, धो धो पाऊस लागला की रडारला पलीकडचं दिसायचं नाही. नोकरीभर त्या पाण्याशी भांडलो आणि घरातलं पिंप मला दिसलं नाही! हा बिचारा तशाच लहरी सोडत पाण्याच्या भिंतीआडून ओरडत होता."

बिचारा म्हणजे मी. आठवडाभर पाणी कमी होत जायचं तसा माझा आवाज सुटायचा, आणि रविवारी पिंप भरलं की पुन्हा बसायचा. मी आजारी नव्हतोच मुळी! मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. प्रांजलीच होती. "बाबा, परत तुटलं ना?"

"क्लास एक आठवडा थांबव, प्रांजली. दुखणं सापडलंय. आर्याला दे." मग त्यांचा सूर मऊ झाला. "काय गं, आजही जिंकलीस ना? दरवेळी मी अर्ध्यातच गळतो."

"मी एकदाही जिंकले नाहीये, आजोबा," फोनमधून आर्याचा आवाज आला. "तुम्ही थिजलात की मी शेवटच्या रेषेच्या अलीकडे गाडी थांबवते. तुम्ही परत आलात तर? मग शर्यतीची वेळ संपते."

चंद्रकांतरावांनी चष्मा काढून हातात घेतला. अलकाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पिंप भरून वाहतंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी मला कपाटावरून उचललं आणि बोळाच्या तोंडाशी, छताजवळ भिंतीवर खिळा ठोकून टांगलं. आता पिंप खाली आणि मी वर. रुमाल अर्थातच सोबत आला. नवा राऊटर आल्या पावली परत गेला.

पुढच्या रविवारी पिंप काठोकाठ भरलं होतं आणि मी त्याच्या डोक्यावरून आरामात बोलत होतो. पिवळी गाडी फेऱ्यांमागून फेऱ्या घेत शेवटच्या वळणावर आली. तिथे, रेषेच्या जरा अलीकडे, लाल गाडी उभी होती.

"अगं, आज तर तुटलं नाही. का थांबलीस?"

"सवय झाली," आर्या म्हणाली.

चंद्रकांतरावांनीही गाडी तिच्या शेजारी उभी केली. मग दोघं बोलत बसले. शाळेतल्या मनस्विनी नावाच्या मुलीने डबा वाटून घेतला म्हणून, आजोबांची दाढ दुखते म्हणून. बाकीच्या गाड्या शेजारून पुढे निघून गेल्या. अलकाबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय, परत बंद पडलं?"

"नाही गं," चंद्रकांतराव म्हणाले. "थांबलोय."

तर मंडळी, माझं इतकंच मागणं आहे. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्यापुढे काय ठेवलंय ते एकदा बघा, आणि मगच त्याला जुना म्हणा. मला अजूनही अक्षर वाचता येत नाही. पण त्या दिवशी दोन उभ्या गाड्यांमधलं सगळं बोलणं माझ्या हातून गेलं, आणि वेळ संपेपर्यंत मी त्यातला एक शब्दही खाली पडू दिला नाही.