उसाच्या फडातली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, लिथियमची. कुठल्या कारखान्यात घडले ते मला आठवत नाही. आठवतं ते नारायणगावचं दुकान. तिथून इंद्रायणीताईंनी मला निवडून नेलं.

ताई जनावरांच्या डॉक्टर. ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागात फडात बिबट्याची बछडी सापडतात. ताई ती त्याच जागी पेटीत ठेवायच्या आणि आई येऊन नेईपर्यंत जवळच मुक्काम करायच्या. त्यासाठी एका जुन्या टेम्पोत त्यांनी घर केलं होतं. आत दोन बाक, छोटा ओटा आणि छपरावर सोलर पॅनल. गाडी चालवायला अवसरी खुर्दचे गेणभाऊ.

आधी त्यांच्याकडे जनरेटर होता. त्याच्या आवाजाने मादी फडाच्या कडेपर्यंत येई आणि माघारी जाई. म्हणून बॅटरी हवी होती. दुकानदाराने पाणी भरायची, शिशाची बॅटरी पुढे केली. ताई म्हणाल्या, "आम्ही बंद गाडीत झोपतो. ही चार्ज होताना गॅस सोडते. शिवाय वजन केवढं!"

तेव्हा त्याने मला काढलं. "मग ही घ्या. पन एक ध्यानात ठेवा. शिशाची दमली की दिवा मिणमिणतो, मान्साला कळतं. ही शेवटपर्यंत तशीच चालती आन् संपली की एकदम बंद. मीटर बघत जा."

तीन हिवाळे मी काम केलं. लांब तारेने पेटीतली, बछड्याखालची छोटी गादी कोमट ठेवायची आणि पेटीवरचा कॅमेरा चालू ठेवायचा, एवढंच माझं काम. अकरा बछडी आईकडे गेली. दर वेळी गेणभाऊ माझ्यावर थाप मारून म्हणत, "लई गुणाची हाये ही."

चौथ्या हिवाळ्यात गेणभाऊंच्याच गावात बछडं सापडलं. एकटंच, डोळेही न उघडलेलं. ताई पेटीची जागा बघायला फडात गेल्या आणि इकडे गाडीभोवती माणसं जमली. म्हाताऱ्या लंकाबाई काठी टेकत आल्या.

"गेणभाऊ, आमाला बी दाखव की रं. आमी कदी बघायचं?"

गेणभाऊंना नाही म्हणवेना. आपल्या गावात आपलं काम कोणी पहिल्यांदाच बघत होतं. संध्याकाळ झाली होती, म्हणून त्यांनी विहिरीत पडलेली जनावरं काढण्यासाठी ठेवलेला मोठा फोकस माझ्यावर लावला. माणसं खिडकीतून बघत होती, हसत होती. एक गेलं की दुसरं येत होतं. तासभर तो फोकस जळत राहिला. त्यातच दोन दिवस शेजारच्या रानात उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं होतं आणि पॅनलवर काजळी साचली होती. ती कोणी पुसली नव्हती. मी मुळातच अर्धी भरलेली होते.

ताई आल्या आणि बछडं पेटीत घालून फडात ठेवून आल्या. "मीटर बघितलं का, गेणभाऊ?"

"बगितलं, ताई." त्यांनी बघितलं होतं, पण सकाळी.

पहाटे थंडी फार वाढली आणि मी संपले. गाडीतला कॅमेऱ्याचा पडदा एकदम काळा झाला. गेणभाऊंनी मीटर बघितलं आणि ते धडपडत उठले. "ताई, पानी तापवतो. बाटली ठिवून येतो पेटीत."

तेवढ्यात उसातून मादीचा आवाज आला, अगदी जवळून. ताईंनी त्यांचा हात धरला. "आता उतरलो तर ती परत येणार नाही. थांबा, येईलच ती."

पण तिने वेळ लावला. ती आली तेव्हा उजाडत होतं. पेटीत वाकून तिने पिल्लाला चाटलं, खूप वेळ चाटलं. नाकाने ढकललं. मग मानेला धरून उचललं आणि उसात गेली.

"नेलं! ताई, नेलं बघा!" गेणभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसेच गावाकडे सांगायला धावले. ताई मात्र खिडकीशी बसून राहिल्या. पिल्लाचे पाय कसे लोंबत होते ते त्यांनी पाहिलं होतं.

दुपारी तोडणीवाल्यांना पाचटाखाली गार पडलेलं बछडं सापडलं. गेणभाऊंनीच ते आपल्या टॉवेलात गुंडाळून आणलं.

"तुमाला ठाऊक व्हतं, ताई?"

"हो."

"मग मला का न्हाई बोलला?"

"तुम्ही इतके आनंदात होता. मला जमलं नाही."

गेणभाऊ खाली बसले. "फोकस मी लावला व्हता. लोकांना दाखवाया."

ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आणि 'थांबा' मी म्हटलं होतं." मित्रांनो, मला बोलता येत असतं तर त्या संध्याकाळीच मी ओरडले असते.

गेणभाऊ छपरावर चढले आणि ओल्या फडक्याने पॅनल पुसत राहिले. ते लख्ख झालं तरी पुसत होते. उन्हं कलेपर्यंत मी बरीच भरले. दिवस मावळताना मादी पुन्हा आली. मोकळी पेटी तिने हुंगली, तिच्याशेजारी बसली आणि हाका मारू लागली. मी कॅमेरा चालवत होते. गादीही तापवत होते, कारण ती बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मादी पाठोपाठ तीन दिवस आली.

आता मी एका शेडमध्ये पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरी, गाडीत, शेतावर माझी भावंडं असतील. हौसेने दिवे लावा, गाणी ऐका, आमची ना नाही. फक्त त्याआधी एकदा मीटर बघा, आणि आमच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, तेही बघा.