‘होता’ म्हणायच्या आधी

चैत्राची पहाट. गाविलगडाच्या डोंगरांवर दुधाळ उजेड, आणि मोहाखाली टपटप, टपटप फुलांचा फिकट सडा. दारात बा उभा. काखेत टोपली, डोक्याला विटका रुमाल. "येतो," तो म्हणाला. सुमरतीनं पुस्तकातून मान वर केली नाही. रोज येतो म्हणायचा, रोज यायचा.

त्या दिवशी टोपली कुणाच्या तरी हातातून आली. बा चौघांच्या खांद्यांवरून.

पावसाळा सरला. सागाची पानं तांबूस झाली. आश्रमशाळेत मुलांना व्याकरण शिकवताना सुमरतीनं फळ्यावर वर्तमानकाळाचं उदाहरण लिहिलं : माझा बा गातो. मुख्याध्यापकांना काळजी वाटली. त्यांनी तिला परतवाड्याला, समुपदेशकांकडे धाडलं.

शर्वरीमॅडमचा आवाज मऊ, पिंजलेल्या कापसासारखा मऊ, आणि त्या मऊपणाचा सुमरतीला वीट आलेला.

"बा हट्टी आहे..."

"होते," मॅडम हळुवार म्हणाल्या.

"त्याला लांबूनच मोहाचा वास येतो..."

"यायचा."

होते, होते, होते. खडू करकरावा तसा तो शब्द. निळ्या भिंती, निळी फुलदाणी, फुलदाणीत कधीच न गळणारी कागदी फुलं. आणि समोर रिकामी खुर्ची.

"ते इथं बसलेत असं समजा, सुमरतीताई. निरोप द्या."

"माझा बा खुर्चीत बसत नाही, मॅडम. उकिडवा बसतो." तिचा आवाज चढला नाही, फक्त वाळला. "आमच्या कोरकूंत सिडोली होईस्तोवर गेलेला माणूस घरातच असतो. सागाच्या फळीवर चंद्रसूर्य कोरायचे, ती झाडाखाली रोवायची. मग तो पूर्वजांत जातो. तुम्ही तर त्याला आमच्याआधीच पोचवून आलात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उठून ती खुर्ची त्यांनी भिंतीकडे सरकवली.

"सिडोली कधी आहे?"

"माघात."

"मग तोवर बा कसे आहेत, ते सांगा."

आहेत. निळ्या भिंतींच्या त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी बाला आत घेतलं. सुमरती किती तरी वेळ बोलत राहिली.

माघ आला. फळी रोवली गेली. तिच्यावर चंद्र, सूर्य, घोड्यावरचा इवला स्वार. ढोल थांबले, माणसं पांगली, मोहाच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके हलत राहिले. चैत्रातला तो ‘येतो’ अजून दारातच उभा होता, उत्तरावाचून ताटकळत.

सुमरतीनं ओल्या मातीवर तळवा टेकला.

"ये, बा," ती म्हणाली. "ये."